गाडीपाशी कोण थांबलंय

जावेची फार आठवण येते, असं मी एकदा कंपनीत डबा खाताना बोलून गेले. दोघी-तिघींनी हातातला घास तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. आईची येते, बहिणीची येते, माहेरच्या म्हशीचीसुद्धा येते, पण जावेची? एकीनं हळूच विचारलं, "वाटण्या झाल्या का गं?" वाटण्या झाल्या नव्हत्या. भांडण झालं नव्हतं. दिरांची बदली झाली आणि ती त्यांच्याबरोबर गेली, एवढंच. पण एवढंच सांगून त्यांना काही कळलं नसतं, आणि आम्ही घरात बसून काय खेळत होतो ते सांगितलं असतं तर आणखीच कळलं नसतं. म्हणून मी डब्याचं झाकण लावलं आणि स्टोअरला परत गेले.

आमचं घर मोशीचं. दोन भाऊ, एकच इमारत. खाली भाडेकरू, मधल्या मजल्यांवर आम्ही, वर गच्चीतली खोली. घरात मला थोरली म्हणतात आणि तिला धाकटी. मी तळवड्यातल्या एका छोट्या कारखान्यात स्टोअर बघते. दीर चाकणला मोठ्या कंपनीत. धाकटी मूळची अकोल्याची. तिची नोकरी संगणकावरची आणि घरूनच चालणारी. लग्न होऊन आली तेव्हा ती बोलली की माझ्या सासूबाई आधी हसायच्या आणि मग मला विचारायच्या, काय म्हणाली. "जेवण करून राहिली," म्हणजे ती जेवते आहे, हे आम्हाला समजायला थोडे दिवस लागले.

आमच्या पट्ट्यात रविवार हा बाकीच्या जगाचा. इथल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. बारसं असो की साखरपुडा, आधी गुरुवार बघायचा आणि मग पंचांग. गुरुवारी दुपारी जेवणं झाली की दीर अंथरुणात, माझा नवरा टीव्हीपुढे, सासरे गच्चीत आणि मी भांड्यांत, असा आमचा सुखाचा संसार होता. धाकटीला हे बघवेना. एका गुरुवारी तिनं गच्चीतल्या खोलीत सतरंजी टाकली, सगळ्यांना वर बोलावलं आणि म्हणाली, "एक खेळ शिकवते."

खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यात शिरायचं. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. गोष्ट सांगणारी म्हणणार, पुढे ओढा आहे, पलीकडे उजेड दिसतोय, आता काय करता? तुम्ही म्हणणार, मी ओढ्यात उतरते. मग फासा टाकायचा. वीस बाजूंचा फासा. आकडा मोठा आला तर पार झालात, लहान आला तर गटांगळ्या खा. हा खेळ ती पुण्यात हॉस्टेलवर असताना शिकली होती. तिचे खरे फासे अकोल्याला माहेरी राहिले होते, त्यामुळे फासा फोनमध्येच होता. एका ॲपमध्ये सगळं: फासा, नकाशा, नकाशावर प्रत्येकाची एक गोल सोंगटी, आणि कुणाचा जीव किती उरला त्याचा आकडा. ॲप परदेशी. त्यातली माणसं टोकदार कानांची आणि लोखंडी कपडे घातलेली. धाकटीनं त्यांची नावं पुसून आमची घातली. दीर झाले पैलवान. मी चोरटी. सासऱ्यांना धनुष्यवाला मिळाला, त्याला त्यांनी स्वतःच नाव दिलं, रानवाला. माझा नवरा अर्धा तास बसला, "फासा दिसत नाही, पैसे लागत नाहीत, मग खेळतोय काय आपण?" म्हणाला आणि खाली गेला. त्याचं सोंग आम्ही काढलंच नाही.

सासऱ्यांना सगळे दादा म्हणतात. दादांचा फोनमधल्या फाशावर काडीचा विश्वास नव्हता. जो फोन धरतो त्याच्या मनासारखा आकडा येणार, असं त्यांचं म्हणणं. धाकटीनं समजावलं, दादा, फोन हलवला की फासा पडतो, घ्या तुमच्या हातात. दादांनी फोन दोन्ही तळव्यांत घेतला, कवड्या खुळखुळवतात तसा कानापाशी खुळखुळवला आणि सतरंजीवर टाकला. टाकला म्हणजे चांगला फेकला. आयुष्यभर देवळाच्या ओट्यावर सोंगट्या खेळलेला माणूस, फासा हातातून सुटल्याशिवाय पडला असं त्यांना वाटणार कसं? फोन सतरंजीवरून घसरून फरशीवर गेला. काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चीर पडली आणि चिरेखाली आकडा आला वीस.

धाकटीनं फोन उचलला, चीर पाहिली, आकडा पाहिला आणि म्हणाली, "दादा, रानवाल्याचा बाण बरोबर लागला."

त्या क्षणी मला ती आवडली. त्याआधी ती चांगली होती, नीटनेटकी होती, पण आवडली त्या क्षणी. दादा मात्र पुढे कित्येक गुरुवार सांगत राहिले, "फेकल्याबिगर वीस येत न्हाई."

धाकटीनं आमच्यासाठी रचलेली गोष्ट साधी होती. डोंगरातल्या एका गावाचा नगारा कुणीतरी पळवला आहे. त्या नगाऱ्यावर वाराची दवंडी व्हायची. नगारा गेल्यापासून गावात आज कोणता वार हेच कुणाला कळत नाही, त्यामुळे बाजार भरत नाही आणि सुट्टीही होत नाही. ही गोष्ट ऐकून दीर म्हणाले, "म्हणजे आमची कंपनीच की." तो नगारा आम्हाला शोधून आणायचा होता. पहिल्याच दिवशी दादांनी हरकत घेतली. एवढ्या रानात निघालो आणि बरोबर गाडी नाही, बैल नाहीत, शिधा नाही? ॲपमध्ये घोडे होते, बैल नव्हते. धाकटीनं एक घोडा घेतला आणि त्याखाली लिहिलं, बैलगाडी. दादांचं समाधान झालं. दर गुरुवारी खेळ सुरू करायच्या आधी ते विचारायचे, "बैलास्नी पाणी पाजलं का?" धाकटी म्हणायची, पाजलं. मगच पुढे.

ही गाडी फार कामाला आली. चाकणच्या कंपनीत गुरुवारी ओव्हरटाइम लागायचा, कधी शिफ्ट फिरायची. दीर नसले की पैलवानाचं काय करायचं? त्याला वाऱ्यावर सोडून पुढे जाणं बरं दिसत नाही. दादांनी तोड काढली, "राहू दे गाडीपाशी. गाडी राखाया माणूस लागतंयच की." तेव्हापासून नियम झाला. जो येऊ शकला नाही तो गाडीपाशी. माझ्या स्टोअरला मालाची मोजणी निघाली की चोरटी गाडीपाशी. दादांचा गुडघा दुखला की रानवाला गाडीपाशी. त्याला कुणी मारायचं नाही, त्याचा जीव कमी व्हायचा नाही, आणि परत आल्यावर त्याला कुणी जाब विचारायचा नाही. घरातसुद्धा आम्ही तसंच बोलायला लागलो. दीर कुठे आहेत असं शेजारणीनं विचारलं की मी म्हणायचे, गाडीपाशी, आणि ती बिचारी खाली पार्किंगमध्ये डोकावून यायची.

एकदा दीर कंपनीच्या बसमधून खेळले. चाकणच्या चौकात बस तासभर हलत नव्हती, तेव्हा त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. आमच्या फोनवर नुसता अंधार. दादांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "ह्यो भुयारात शिरला का काय?" तर गेटवर सिक्युरिटीवाले फोनच्या कॅमेऱ्यांवर जे स्टिकर चिकटवतात ते काढायचं दीर विसरले होते. अंधारातून त्यांचा आवाज आला, "पैलवान आलाय, सांगा कुणाला हाणायचंय." आम्ही हसून हसून आडवे झालो. दादा मात्र हसले नाहीत. त्यांनी रानवाल्याला भुयाराच्या तोंडाशी आणून ठेवलं, पैलवानाच्या मदतीला.

खाली सासूबाईंना हे सगळं ऐकू जायचं. दादांचं खणखणीत "माझा जीव किती राह्यलाय गं?" आणि धाकटीचं "सात उरला, दादा," हे त्यांना मुळीच खपायचं नाही. तिन्हीसांजेच्या आत हा विषय बंद करा, असा निरोप जिन्यातून वर यायचा. त्याबरोबर चहाही यायचा.

धाकटीला गुरुवारी सुट्टी नसे, हे सांगायचं राहिलं. तिची सुट्टी शनिवार-रविवार. गुरुवारी पहाटे उठून ती अर्धं काम उरकायची आणि दुपारच्या तासांवर संगणकात खूण लावून ठेवायची: मीटिंग. ती खूण असली की ऑफिसमधलं कुणी त्या वेळेत तिला हाक मारत नाही. मग केस वर बांधून, फोन हातात घेऊन ती सतरंजीच्या टोकाला बसायची. गोष्ट सांगताना छापील बोलायची, पण आम्ही फार वेळ विचार करत बसलो की अकोला बाहेर यायचा. "मग? काय करून राहिले?" तिचा तो प्रश्न ऐकायला मी मुद्दाम वेळ लावायचे. आठवडाभर मला तसं कुणीच विचारत नव्हतं. काय केलंस, कधी करणार, अजून का नाही केलंस, हे सगळे विचारायचे. तू काय करतेस, असं विचारून शांत बसणारं माणूस तेवढं एकच होतं.

मग दिरांची बदली झाली. कंपनीनं तमिळनाडूत होसूरकडे नवा कारखाना काढला आणि इथली काही माणसं तिकडे पाठवली. पगार वाढला, पेढे वाटले गेले. शेवटच्या गुरुवारी घरभर खोकी होती, तरी धाकटीनं खोकी सरकवून सतरंजी टाकली. कुणाचंच लक्ष लागत नव्हतं. दादांनी साध्या कोल्ह्यावर तीन बाण फुकट घालवले. निघताना धाकटीनं सासूबाईंना, दादांना नमस्कार केला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, ॲप तर आहेच. तिकडून खेळू. काही बदलणार नाही." मी म्हटलं, हो, फोनमध्येच तर आहे सगळं. आम्हा दोघींचाही त्यावर विश्वास होता.

तिनं दादांच्या आणि माझ्या फोनवर ॲप घालून दिलं होतं. नकाशा तोच, सोंगट्या त्याच, फासा कुणीही टाकला तरी सगळ्यांना दिसणार. खोट एकच निघाली आणि ती ॲपमध्ये नव्हती. होसूरच्या कारखान्याला सुट्टी रविवारी. आम्ही गुरुवारी मोकळे, ते रविवारी. रविवारी मी सहा वाजता तळवड्याहून सुटून, कणीक मळत, फोन डब्याला टेकवून खेळायचे. एका हातानं पोळी, एका बोटानं चोरटी. पिठाचं बोट लागलं की सोंगटी हलायची नाही. दादांची आणखी निराळी तऱ्हा. धाकटीचा आवाज आला की ते फोन कानाला लावायचे, कारण फोनवर माणूस बोललं की फोन कानालाच लावायचा असतो. मग त्यांचा गाल काचेवर घासायचा आणि रानवाला आपोआप चालायला लागायचा. एका रविवारी त्यांनी गालानं त्याला थेट नदीत घातला. "दादा, काय करून राहिले?" धाकटी तिकडून ओरडली. दादा शांतपणे म्हणाले, "आमी कुठं काय करतोय? आमी ऐकतोय."

हसलो आम्ही, पण सतरंजीवरचं हसणं वेगळं होतं. सतरंजीवर हसताना ती माझ्या मांडीवर थाप मारायची. फोनवर तिचं हसू थोडं उशिरा पोचायचं, आमचं संपल्यावर.

पुढे सगळं विरत गेलं. दिरांना तिकडे रविवारी काम लागायला लागलं, पैलवान गाडीपाशी गेला. दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी फोन बघायला मनाई केली, रानवाला गाडीपाशी गेला. एका रविवारी आम्ही दोघीच उरलो. चोरटी एकटीच डोंगरातल्या भुयारातून पुढे सरकत एका दारापाशी पोचली. धाकटीनं दाराचं वर्णन केलं आणि थांबली. मग गोष्ट सोडून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ताई, नगारा या दारामागे आहे. हे उघडलं की संपलं." तेवढ्यात तिच्याकडे कुणीतरी बेल वाजवली. ती म्हणाली, पुढच्या रविवारी बघू. पुढच्या रविवारी जमलं नाही, आणि त्याच्या पुढच्याही.

तेव्हापासून ॲप उघडलं की वर एक पट्टी यायची: तुमची पाळी. खाली दार, दाराशी चोरटी. कोपऱ्यात लांब, बैलगाडी म्हणवणारा तो घोडा आणि त्याच्याजवळ दोन सोंगट्या. मला फक्त फासा टाकायचा होता. पण दार उघडलं की नगारा मिळणार, नगारा मिळाला की गावाला वार कळणार, गोष्ट सुफळ संपूर्ण होणार, आणि मग धाकटीला मला फोन करायला कारण उरणार नाही. फोन होतच होते आमचे. सासूबाईंची गोळी, तिकडचा तांदूळ, खालच्या भाडेकरूचं भाडं. ते जावा-जावांचे फोन. मला तो दुसरा फोन हवा होता. तिला सांगावं वाटायचं, की मला तुझी आठवण येते, तुझ्याशिवाय गुरुवार खायला उठतो. पण असं थोरलीनं धाकटीला सांगायचं कसं, ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून मी दार उघडत नव्हते. दर गुरुवारी जेवणं झाली की गच्चीतल्या खोलीत जायचे, सतरंजी टाकायचे, ॲप उघडायचे, पट्टी वाचायचे आणि बंद करायचे.

दादांचे डोळे बरे झाल्यावर तेही वर येऊन बसायला लागले. फोन बघायची परवानगी मिळाली होती. "उघड की दार," ते म्हणायचे. मी म्हणायचे, उघडते, थांबा. तिसऱ्यांदा तसं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नव्या डोळ्यांनी नीट पाहिलं आणि विषय सोडून दिला.

गेल्या गुरुवारीही तसंच झालं. सतरंजी टाकली. दादा भिंतीला टेकले. खाली आळंदीच्या वाटेवरचे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. मी ॲप उघडलं. पट्टी तीच, दार तेच, चोरटी तिथेच. पण कोपऱ्यात गाडीपाशी दोन नव्हे, तीन सोंगट्या होत्या.

मला वाटलं, काहीतरी बिघडलंय. बोटांनी नकाशा मोठा केला. पैलवान, रानवाला, आणि एक साधी मातकट सोंगटी; चित्र नाही, हत्यार नाही, जिवाचा आकडा नाही. खाली लिहिलं होतं: धाकटी.

गोष्ट सांगणाऱ्याला सोंगटी नसते. इतक्या गुरुवारांत तिची सोंगटी कधीच नव्हती; ती नकाशाच्या बाहेर बसून आम्हाला विचारायची. आता ती आत आली होती आणि तिनं स्वतःला कुठे ठेवलं होतं, तर जो येऊ शकला नाही त्याच्या जागी. मी बघतच राहिले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दादांनी फोन घेतला. कानाला लावला नाही, डोळ्यांपुढे धरला. बराच वेळ बघून म्हणाले, "ही आपली धाकटी का?"

"हो."

"एकलीच आलीया व्हय."

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. मी चोरटीवर बोट ठेवलं आणि तिला दारापासून मागे ओढलं. भुयारातून, नदीकाठानं, ज्या रानातून आम्ही कित्येक गुरुवार खर्चून पुढे आलो होतो त्या सगळ्या रानातून उलटी, गाडीपर्यंत. ॲपनं विचारलं, पाळी सोडायची का? मी हो म्हटलं. चोरटी मातकट सोंगटीला लागून उभी राहिली.

"दार न्हाई उघडलंस?" दादांनी विचारलं.

"नाही."

"बरं केलंस. समदी आल्यावर उघडू."

सोंगटी ठेवून मी फोन खाली ठेवते न ठेवते तोच ॲपमध्ये खाली अक्षरं उमटली. "मग ताई, काय करून राहिले?"

मी लिहिलं, गाडीपाशी आलो आहोत, मी आणि दादा. दादा विचारतात, बैलांना पाणी पाजलं का.

"कधीचं पाजलं. तुमचीच वाट बघून राहिली."

मला एकदम आठवलं, की आज तिकडे कामाचा दिवस. मी लिहिलं, अगं, आज गुरुवार. दुपारची वेळ. तुझं ऑफिस नाही का?

उत्तर लगेच आलं.

"मीटिंग आहे."

मी ते दादांना वाचून दाखवलं. त्यांनी सतरंजीची सुरकुती हातानं नीट केली आणि फोन मधोमध ठेवायला सांगितला.